कोण आलं?

लोकांनी मला पुष्कळ वर्षं एका कामासाठी वाकून नमस्कार केला, आणि ते काम मी केलं असं त्यांतल्या एकानंही कधी म्हटलं नाही. आता मी थकलो आहे. हाताला कंप आहे. शाळा चौथीपर्यंतच, त्यातली पहिली दोन वर्षं निजामाच्या उर्दूत गेली. तरी हे मी स्वतःच्या हातानं लिहितो आहे. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही नुसतं बोला, मी मोबाइलमध्ये भरून घेतो. मी म्हटलं, बिलकुल नाही. बोललेलं लोक त्यांना हवं तसं ऐकतात. लिहिलेलं निदान तिथंच राहतं.

आमचं गाव राजूरच्या वरच्या अंगाला, काळ्या रानाचं. गणपतीसाठी राजूरला जायचं. खंडोबासाठी कुठं जायला नको, तो गावातच. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला त्याची जत्रा भरायची आणि त्या दिवशी ऊन कलल्यावर बारा गाड्या ओढायच्या. बैल सोडलेल्या बारा गाड्या एकामागं एक साखळीनं बांधायच्या, त्यांत बायापोरं, म्हातारीकोतारी दाटीवाटीनं बसायची, आणि सगळ्यांत पुढं एक माणूस. त्याला भगत म्हणायचं. त्याच्या कमरेला शेला, शेल्यात लोखंडी आकडा, आणि आकडा पहिल्या गाडीच्या दोराला. वेशीपासून देवळापर्यंत ती सगळी माळ त्यानं ओढत न्यायची. खोटं कशाला सांगू, वाट उताराची आहे, आणि एकदा चाकं फिरली की मागून पोरं लोटतातही. पण पहिला हिसका एकट्याचा. आणि चाकं फिरल्यावर भगताला थांबता येत नाही, कारण त्याच्या पाठीवर बारा गाड्या येत असतात. दोघं जण त्याला बगलेत धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. बगले धरतात ते हात. पाय ज्याचे त्यालाच टाकावे लागतात.

हा मान आमच्या घराचा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कळतं तेव्हापासून गाड्या ओढल्या. गावाची श्रद्धा अशी की ओढतो तो माणूस नव्हे, देव. म्हणून आधी भगताच्या अंगात वारं यावं लागतं. संबळ वाजत असतं, भंडारा उधळत असतात, भगत घुमायला लागतो, आणि भावकीतला वडीलधारा मोठ्यानं विचारतो, "कोण आलं?" भगतानं म्हणायचं, "मी आलो, मल्हारी." हे झाल्याशिवाय आकडा अडकवायचा नाही. आबा ते असं म्हणायचे की त्यांचा आवाज मला ओळखू यायचा नाही. घरी कमी बोलणारा माणूस, बैलावर सुद्धा ओरडायचा नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या गळ्यातून कुणी दुसराच बोलायचा, आणि मी मायच्या लुगड्याआड जायचो.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. मी मिसरूड फुटलेला गडी, आबांच्या डाव्या बगलेला. उजव्या बगलेला नामा, आमच्या किसनकाकांचा मुलगा, माझ्याच वयाचा. गाड्या चांगल्या सुटल्या. मारुतीच्या पारापाशी रस्त्यात खडक वर आलेला आहे, तिथं बाया भगताच्या पायांपुढं घागरीनं पाणी ओततात, तशा ओतत होत्या. आबा त्या खडकावर सटकले. मी त्यांना धरलेलं होतं. माझ्या हातात त्यांचा दंड होता आणि पुढच्या क्षणी तो नव्हता. पहिल्या गाडीचं चाक त्यांच्या उजव्या पायावरून गेलं. त्याचा आवाज मी लिहिणार नाही. मागं बाराव्या गाडीतली माणसं अजून येळकोट म्हणत होती.

पाय राहिला, पण नावाला. जालन्याच्या दवाखान्यातून आणल्यावर आबा ओसरीवर बाजेवर पडले ते पडलेच. त्या वर्षभरात आमच्या घराचा आवाजच बदलला. आधी पहाटे आबांच्या खोकल्यानं घर जागं व्हायचं, मग जात्याची घरघर, मग गोठ्यातल्या घुंगरमाळा. आता बाज करकरायची तेवढी. माय जातं ओढायची, पण ओवी म्हणायची नाही. दोघांना वाढायची, स्वतः चुलीकडं तोंड करून चतकोर भाकरी पाण्याबरोबर गिळायची. पोटाला काही झालंय का विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरली." आणि गाव काय बोलत होतं ते पाणवठ्यावर रोज तिच्या कानावर पडत होतं. देव अंगात असताना भगत पडतोच कसा? आबांनी काहीतरी केलं असेल. देवाला न चालणारं काहीतरी. कुणी म्हणे उपास मोडला, कुणी म्हणे याहून वाईट. आबा ऐकून गप्प असायचे. आबांचं गप्प बसणं गावाला कबुलीसारखं वाटलं.

माझं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. गाडीच्या चाकाची लोखंडी धाव दगडावर वाजली की मी रस्ता सोडून बाजूला व्हायचो. कापसाचं गाठोडं घेऊन मी शेतातून पायी यायचो. गाडीत बसत नव्हतो, गाडीपुढं तर चालतच नव्हतो. नामाच्या लक्षात आलं होतं, पण तो मला एवढंच म्हणाला, "गाडी चावती का रे तुला?"

दिवाळी झाली, ज्वारी पोटऱ्यात आली, आणि एका संध्याकाळी किसनकाका ओसरीवर येऊन टेकले. आबांचे ते थोरले चुलतभाऊ. देवाचा प्रश्न विचारायचा मान त्यांचा. त्यांनी तंबाखू मळली, आबांना दिली, आणि म्हणाले, "औंदा कसं करावं म्हन्तोस? नामा तयार हाय. मान भावकीतच राहील."

आबा काही बोलायच्या आत माय आतून दारात आली. डोक्यावर पदर, पण आवाज मोठा. "मान ह्या घराचा हाय. रंगा वढीन."

काकांनी माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. मी तेव्हा काडीसारखा होतो. म्हणाले, "बाई, अंगात यायाला आधी अंग लागतं."

नामा हसला. मलाही तोंडदेखलं हसावं लागलं. पण मायनं दाराची चौकट घट्ट धरली होती, आणि तिच्याकडं बघून मला नाही म्हणता आलं नाही. त्या वेळी मला वाटलं, तिला मानाची हाव आहे. मी तिच्यावर मनातून फार चिडलो होतो.

षष्ठीच्या आधीचे दिवस भगतानं देवळात राहायचं. घरी जायचं नाही, एक वेळ दूध घ्यायचं, कांबळ्यावर निजायचं. रोज दिवेलागणीला संबळ वाजायचं आणि मी देवापुढं उभा राहून वाट बघायचो. माझ्या आजूबाजूला सगळ्यांना वारं येत होतं. कुंभाराच्या म्हातारीला येत होतं. ज्याला गुडघ्यामुळं उठता येत नव्हतं असा आमचा एक गुरव, तो दोन-दोन हात उड्या मारत होता. माझ्या अंगावर साधा काटा येईना. मी डोळे मिटायचो तर देव दिसायच्या ऐवजी ओला खडक दिसायचा. मला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींना खात नव्हत्या. एक चाकाची. दुसरी याची, की देव सगळ्या गावाला ओळखतो आणि मलाच ओळखत नाही; म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे, किंवा आबांनी खरंच काही केलं आहे आणि ते माझ्या रक्तात उतरलं आहे.

नामा रोज दूध घेऊन यायचा. कोणी नाही बघून म्हणायचा, "लेका, थंडी वाजल्यासारखं तरी कर. कोन बघायला बसलं?"

"देव बसला न्हाई का?"

"मंग त्यालाच इचार, कामून येऊन नाही राह्यला."

शेवटच्या दुपारी मी देवळातून पळालो. माय कापूस वेचायला गेली होती, गल्लीत सामसूम होती. मागच्या आवारातून घरात शिरलो आणि आबांच्या बाजेपाशी उकिडवा बसलो. भगतानं असं घरी यायचं नसतं. आबांनी मला बघितलं आणि नुसतं भिंतीकडं सरकून जागा केली.

मी म्हणालो, "आबा, मला न्हाई जमनार. वारं येईना. मी नामाला देतो मान."

आबांनी आढ्याकडं बघितलं. म्हटलं आता शिव्या देतील. ते म्हणाले, "माझ्या अंगात त्या दिशी आल्तं."

"हौ."

"दरसाल यायाचं. खोटं न्हाई ते. त्या दिशीबी बराबर आल्तं, अन् तरी चाक गेलं. वारं आलं की खालचं दिसत न्हाई, रंगा. आभाळच दिसतं. मला खडक दिसलाच न्हाई. पानी दिसलं न्हाई. पाय गेल्यावर दुखलंसुदीक उशिरानं."

मी त्यांच्या त्या पायाकडं बघितलं.

"तुला न्हाई आलं त बरंच हाय," आबा म्हणाले. "तू खाली बघशील."

"पन भेव वाटतं, आबा. लई."

"वाटू दे. भेव असलं की मानूस पायाकडं बघून चालतं."

आज इतक्या वर्षांनी मी विचार करतो, की त्या माणसानं आपलाच देव किती सांभाळून उचलला आणि बाजूला ठेवला, पोराचा पाय वाचावा म्हणून. तेव्हा एवढं कळलं नाही. तेव्हा एवढंच ठरलं, की उद्या प्रश्न विचारला की खोटं बोलायचं नाही. कुणी आलं नाही असं सांगायचं आणि तरी आकडा मागायचा. देतील तर ओढीन, नाही तर नामा आहेच. हा माझा हट्ट होता. हट्टानं मी लोकांचे वाईटपणे पुष्कळ घेतले, पण त्या दिवशी पाय धरून ठेवले ते त्यानंच.

षष्ठीला वेशीबाहेर माणूस मावत नव्हतं. पार पिंपळगाव रेणुकाईपासून लोक आलेले. गाड्या उभ्या होत्या, त्यांत पोरं कोंबलेली, बायका भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या. मला हळद लावली होती, कमरेला नवा शेला आवळला होता. डाव्या बगलेला नामा, उजव्या बगलेला भावकीतलं एक पोरगं. त्या चाकांकडं बघितलं तसे माझे गुडघे हलायला लागले. खरंच हलायला लागले, मला आवरेनात. लोकांना वाटलं, वारं आलं. येळकोट, येळकोट म्हणून एकच गलका झाला. मी भीतीनं कापत होतो आणि लोक मला हात जोडत होते.

किसनकाका पुढं आले. त्यांनी हात वर केला, संबळ खाली आलं. मोठ्यानं विचारलं, "कोण आलं?"

मी म्हणालो, "कोन्ही आलं न्हाई, काका. मीच हाय."

पण माझे ओठ हलताना बघूनच संबळवाल्यानं पुन्हा काडी मारली होती. पहिलं वाक्य त्या दणक्यात गेलं. लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच, मीच हाय. आणि अख्खी वेस उसळली. मीच हाय म्हणाला, देव मीच हाय म्हणाला. म्हाताऱ्या माणसांनी जमिनीला डोकं टेकवलं. मल्हारी हे नाव न घेता देवानं असं ठणकावून सांगितलेलं गावानं आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून त्यांना ते जास्तच खरं वाटलं.

काका माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी दोन्ही वाक्यं ऐकली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नामाकडं बघितलं, मग गाड्यांत दाटलेल्या पोरांकडं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता आणि मान त्यांच्या घरी गेला असता. त्यांनी मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर टाकला, आकडा स्वतःच्या हातानं अडकवला आणि कानाशी येऊन म्हणाले, "पाय उचलून टाक." असं का केलं ते मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ज्या माणसाला मी वर्षभर मनात शिव्या दिल्या होत्या त्याचं हे मला अजून नीट लावता येत नाही.

पहिला हिसका दिला, काही झालं नाही. शेला पोटात रुतला, बस. दुसऱ्याला मागून साखळ्या ताठ झाल्याचा आवाज आला. तिसऱ्याला वाटलं, कंबर मोडली, आणि तेवढ्यात पाठीमागचं ओझं हललं. चाकांची ती धाव दगडावर वाजायला लागली, बारा गाड्यांची, आणि ती माझ्या पाठीवर चालून येत होती. पळून जायची वाट एकच होती, पुढं. मी खाली बघायला लागलो. लोक वर बघत होते, देवळाच्या कळसाकडं, माझ्या तोंडाकडं. मी एकटा जमिनीकडं बघत होतो. शेण, तुटलेली नाल, कुणाची तरी वहाण, बाभळीचा काटा. प्रत्येक पाऊल मी बघून टाकलं. माझ्या जन्मात मी इतका भ्यालेलो नव्हतो आणि इतका जागाही नव्हतो.

पारापाशी बाया घागरी घेऊन उभ्याच. खडक ओला होऊन चकाकत होता. तिथं माझ्या पायांनी थांबायचं ठरवलं. मी नाही, पायांनी. नामा बगलेतून ओरडला, "रंगा, लेका, मागं गाडी." मी डावीकडं रेटा दिला, त्याला अंगानं ढकललं, तिघंही कडेच्या फुफाट्यात गेलो, घोट्यापर्यंत. फुफाट्यानं पाय धरला. खडक उजव्या हाताला राहिला. मागून पहिल्या गाडीचं चाक त्याच्यावर चढलं आणि दणकन उतरलं, गाडीतली पोरं आनंदानं किंचाळली. मग बाकीच्या गाड्या, दण, दण, एकामागं एक. देवळापाशी चढ लागला तशा त्या आपोआप मंदावल्या. नामानं आकडा काढला. मी पायरीवर बसलो आणि दूध ओकलो. ते सुद्धा लोकांनी देवाचंच धरलं.

संध्याकाळी घरी आलो ते मिरवणुकीनं. लोक पांगल्यावर मायनं चुलीपुढं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. चातुर्मासात बंद असलेलं वांगं त्या दिवशी पहिल्यांदा खायचं असतं. बाजरीचा रोडगा, भरीत, पातीचा कांदा, सगळं ताटात होतं. मला कडाडून भूक लागली होती. माय ताटासमोर हात जोडून बसली. मी म्हटलं, "माय, असं काय करून राह्यली? तू बी जेव." ती हलली नाही. मी घास घेतला.

मी म्हटलं, "माय, भरतात मीठ न्हाई."

रोजच्या जेवणात म्हणतो तसं म्हटलं. तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी भगताचं ताट म्हणजे देवाचा नैवेद्य, आणि नैवेद्य चाखून बघायचा नसतो, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, "औंदा जिभेला लावलंच न्हाई, देवा. शपथ." आणि मग खाली वाकून, कपाळ माझ्या ताटाच्या कडेला टेकवून, अगदी हळू, "गेल्या साली सकाळीच चाखलं. मीठ बघाया बोट लावलं. पाव्हणे आल्ते, गडबड होती. तू ते बघितलं अन् त्यांचा पाय घेतला. गाव त्यांना नावं ठेवीत राह्यलं, मी गप बसले. पोराला पुढं केलं, म्हन्लं त्याच्या अंगात तू घरी येशील, तवा तुला सांगीन, काय घ्यायाचं ते माझं घे. आता फिटलं का ते? सांग."

मला सांगायचं होतं, माय, मी रंगा आहे. दिवसभर मी तेवढी एकच गोष्ट हट्टानं धरून चाललो होतो, की आलं नाही कुणी, मीच आहे, हे मीच ओढलं. ती गोष्ट मी त्या पाटाशेजारी खाली ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे मात्र मी घाबरून केलं नाही, एवढं नक्की. म्हटलं, "फिटलं. तुझ्याकडं काही न्हाई."

ते कोण बोललं, ते ज्याला ठरवायचं त्यानं ठरवावं.

माय उठली, पदरानं नाक पुसलं, मीठ आणून ताटाच्या कडेला ठेवलं. मग तिनं स्वतःला वाढून घेतलं आणि जेवली. दोन रोडगे जेवली. मी बघत बसलो.

ओसरीवरून बाज करकरली. आबा इतका वेळ जागेच होते, आणि मधली भिंत कुडाची होती. त्यांनी हाक मारली, "रंगा, इकडं ये." मी हात धुवून गेलो. त्यांनी वारं आलं का म्हणून विचारलं नाही. मायचं काही विचारलं नाही. म्हणाले, "वेशीपासून सांग. पाय कुठं कुठं टाकला ते."

मी सांगायला लागलो. पहिला हिसका, दुसरा, तिसरा. शेण, नाल, बाभळीचा काटा. त्यांनी डोळे मिटले होते. मी सांगत होतो तसतसा त्यांचा चांगला पाय बाजेच्या खुरापाशी सावकाश वर उठत होता, टेकत होता. पारापाशी आलो आणि मी थांबलो. त्यांचा पाय वरच्यावर थांबला.

"थांबू नको," आबा म्हणाले. "पुढं सांग."